पटावरची विसावी

मला शाळेत घातलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. कागदावर सहा. हा घोटाळा आमच्या घरचा नाही, मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेचा. त्या वर्षी पहिलीत एकोणीसच मुलं जमली होती. वीस झाली नाहीत तर वर्ग बंद होणार, म्हणून बाई दारोदार फिरत आमच्या जिन्यापर्यंत आल्या. मी पायरीवर बसून चपलेचा बंद चावत होते.

"हिचं एक वर्ष वाढवून लिहू, कोण बघतंय?" बाई म्हणाल्या.

आईला काय, पायात घुटमळणारं एक पोर कमी. बाबांनी फॉर्म न वाचता सही ठोकली आणि मी पटावर विसावी झाले. वर्गात मला नावही तेच पडलं.

पण एकदा अभ्यास कळायला लागल्यावर मी कोणाला आवरेनाशी झाले. भूमितीचं तर वेडच लागलं. तिथे एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवायला मोठ्या माणसाची सही लागत नाही; आकृती काढायची, पायरी पायरीने लिहायचं, झालं. वर्गात सगळ्यांत लहान मी, आणि मागच्या बाकावरचे दांडगे माझीच वही मागायचे. मला पुढे शिकायचं होतं. दुसरं काही मी घरात कधी मागितलं नाही.

मी आठवीत असताना सरकारने कायदा केला. आधी चौदा पूर्ण झाली की शाळा सोडता यायची, आता सोळापर्यंत सोडता येणार नव्हती. मुलाला आधी काढलं तर आईबापांना दंड. मी तर हवेतच होते, कारण आत्याच्या लाँड्रीत बाबांनी माझी जागा वर्षभर आधीच धरून ठेवली होती. बाबांना माझा राग नव्हता, घाई होती. आता कायद्यापुढे त्यांचं काय चालणार!

पण कायद्याला शेपूट असतं. ज्यांना कायदा लागू व्हायच्या तारखेपूर्वीच चौदा पूर्ण झाली, त्यांना तो लागू नव्हता. कागदावरची माझी चौदा तीनच आठवडे आधी भरली होती. खरी भरली होती तेरा.

"सुंठीवाचून खोकला गेला," बाबा म्हणाले. आणि माझा धाकटा भाऊ, शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसणारा, तो अडकला सोळापर्यंत. चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ना, ते हेच.

मी आईच्या मागे लागले. आई दवाखान्यात फरशी पुसायची. बाबांना न सांगता तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माझ्याबरोबर शाळेत आली. चिडली की आई भराभर चालते; त्या दिवशी मला तिच्या मागे पळावं लागलं.

बाईंच्या खोलीत त्यांनी स्वतः रंगवून घेतलेला नवा फलक होता. सोळापर्यंत एकही मूल शाळेबाहेर राहता कामा नये, असं त्यावर लिहिलं होतं.

"बाई, हिला तेराच आहेत," आई म्हणाली. "तुम्हाला माहितीये. तेवढं दुरुस्त करून द्या."

बाई उठून दार लोटून आल्या. "अहो, हळू बोला. रजिस्टरमध्ये खाडाखोड केली की वरून चौकशी लागते. कोणी लिहिलं, का लिहिलं. माझी दोनच वर्षं राहिलीत नोकरीची."

"आणि हिची किती गेली?"

बाईंनी कपाटातून माझा जुना फॉर्म काढला. मला वाटलं, बधल्या. पण त्यांनी बोट ठेवलं ते बाबांच्या सहीवर.

"वरील माहिती खरी आहे, असं हिच्या वडिलांनी लिहून दिलंय. खोटी निघाली तर आधी त्यांना बोलावतील, मग मला. बघा, तुम्ही म्हणाल तसं."

आईला वाचता येत नव्हतं, पण बाबांची सही ओळखता येत होती. तिचा सगळा आवेश त्या सहीपाशी संपला. मला बाईंचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आईचा आला. कारण ती खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "मग दाखला तरी चांगला द्या."

"म्हणजे काय! प्रगती उत्तम, वर्तन उत्तम." बाईंचे डोळे भरले होते. नाटक नव्हतं, खरंच भरले होते. त्या डोळ्यांचा मला अजून संताप येतो. "हुशार आहे हो तुमची मुलगी. लाँड्रीतसुद्धा नाव काढेल."

दाखला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. जन्मतारीख आधी आकड्यांत, मग अक्षरांत. शिक्का मारण्याआधी कागद माझ्यापुढे सरकवला.

"नीट तपासून घे. शिक्का पडला की मग दुरुस्ती होत नाही."

आई माझ्याकडे बघत होती. बाईही बघत होत्या. मी दिवस वाचला, महिना वाचला, वर्ष वाचलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.