सालवड, अडीच पानं

कैलासने रिक्षावाल्याची कॉलर धरली तेव्हा रूपाली फोनवर संध्याकाळचं जेवण सांगत होती.

"किती पानं?" पलीकडून प्रेमलाकाकींनी विचारलं.

"अडीच," रूपाली म्हणाली आणि हर्षितला कडेवर घेऊन नारळाच्या बुंध्याआड सरकली. मागे कैलासचा आवाज चढत चालला होता.

"लेकरू घेऊन बसलोय दिसत नाही का? चौथं माणूस कुठं कोंबतो? माझ्या डोक्यावर?"

मग कानाखाली वाजली. तो आवाज फोनमध्येही गेला असावा, कारण काकी जराशा थांबल्या.

"कुठचे तुमी?"

"सालवडचे. बोईसरजवळ."

केळव्याच्या वाडीत जेवायचं तर सकाळी सांगून ठेवावं लागतं. सांगाल तेवढंच शिजतं. मोठं माणूस म्हणजे एक पान, लहान मूल म्हणजे अर्धं. नाव कुणी विचारत नाही, गाव आणि पानं एवढंच प्रेमलाकाकी डोक्यात ठेवायच्या आणि त्यांचं सगळं तोंडपाठ असायचं. रूपालीला हे खोलीवाल्याने सांगितलं होतं, नंबरही त्यानेच दिला होता.

"मुलाला तिखट नको काकी. मऊ भात आणि वरण. आणि खुर्चीवर एखादा पाट ठेवाल का? म्हणजे त्याचा हात टेबलाला पोचेल."

"ठेवते की."

"आणि आल्या आल्या ताट समोर आलं पाहिजे. थांबायला लागू नये."

"बालाला भूक सोसत नाय का?"

"हो," रूपाली म्हणाली. बाळाचं कारण पुढे केलं की माणसं ऐकतात. नवऱ्याला थांबणं सोसत नाही हे कुणाला सांगायचं?

रिक्षावाला गाल चोळत निघून गेला. कैलास परत आला तो बाही सारखी करत, जणू काही मोठं काम उरकून आलाय. त्याने हर्षितचा पापा घेतला.

"तुमच्यासाठीच भांडावं लागतं," तो म्हणाला. "नाहीतर मला काय हौस आहे?"

हौसच होती, दुसरं काय! पण तसं त्याच्या तोंडावर म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तारापूरच्या कंपनीत ऑपरेटर, कामाला वाघ, दारूला शिवत नाही, परभणीला आईला न चुकता फोन. आणि बायकोवर कधी हात टाकला नाही, हे तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. खरंच टाकला नव्हता. त्याचा हात बाहेरच्यांसाठी होता. इमारतीच्या वॉचमनचा दात त्याने पाडला, कारण वॉचमनने गेट उघडायला उशीर केला आणि हर्षित उन्हात होता. रूपालीची बहीण वर्षाराणी सफाळ्याला राहते, तिच्या नवऱ्याला त्याने हर्षितच्या बारशात लाथ घातली, कारण तो पाळण्याशी मोठ्याने हसला. तेव्हापासून सफाळ्याचं दार बंद. असं एकेक करत सगळीकडे बंद झालं होतं. आणि दर वेळी कारण एकच, तुमच्यासाठी.

कंपनीचा शटडाऊन होता, तीन दिवस सुट्टी. गोव्याला जाऊ, महाबळेश्वरला जाऊ असं करत करत शेवटी ते केळव्याला आले होते. सालवडच्या माणसाने केळव्याला राहायला जाणं म्हणजे पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाणं. पण रूपाली खूश होती. तिला एकच हवं होतं. एक जेवण, अगदी एकच, असं की हर्षित पोटभर खाईल, कुणी कुणाला मारणार नाही आणि उठताना कुणाकडे बघून माफी मागावी लागणार नाही. त्यासाठीच तर तिने आधी फोन केला होता. सगळं आधी सांगून ठेवलं की भांडायला कारणच उरत नाही, असा तिचा हिशेब होता.

संध्याकाळी ते पोचले तेव्हा वाडीतली सगळी टेबलं भरलेली होती. सुपारीच्या झाडांना बल्ब बांधलेले, तव्यावर मासळी चरचरत होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी खुर्चीवर पाट ठेवला होता. पाटावर गुलाबी फ्रॉकमधली एक मुलगी बसली होती, हर्षितएवढीच. तिची आई तिला मऊ भात भरवत होती आणि बाप पापलेटचा काटा काढत होता.

रूपाली घाईने पुढे झाली.

"काकी, सालवड. अडीच पानं."

हातात भाकऱ्यांची टोपली घेतलेल्या प्रेमलाकाकी जागच्या जागी थांबल्या.

"अगो बाय! सालवडचं तर वाढलं मी. हे सालवडचेच ना?"

"आम्ही सालवडचेच," टेबलावरचा माणूस म्हणाला. उंच, चांगला दणकट, बोलायला मात्र सौम्य. "दुपारी फोन केला होता. जागृती, तूच केलास ना?"

"मीच केला," त्याची बायको म्हणाली. "अडीच पानं म्हणून."

काकींनी कपाळावर हात मारला. "सकाली एक फोन, दुपारी एक फोन. सालवड, अडीच, बाईचाच आवाज. मला वाटलं, पोर बरोबर हाय म्हणून तुमीच परत पक्कं करताय. मी एकदाच शिजवलं, बाय." त्यांचा आवाज रडवेला झाला. "थोडा वेल बसा. पापलेट नाय उरलं, पण बोंबील तलते ताजे. भात लगेच टाकते."

"चालेल काकी," रूपाली घाईघाईने म्हणाली. "बोंबील चालतील. आम्ही ओट्यावर बसतो."

"चालेल कसं?" कैलास म्हणाला.

तो अगदी हळू बोलला. रूपालीला हा हळू आवाज पक्का माहीत होता. तिने हर्षितला खाली ठेवलं आणि कैलासच्या दंडाला धरलं.

"अहो, तेही लेकरू घेऊनच बसलेत."

"आपण आधी सांगितलं का नाही? सकाळी सांगितलं का नाही?" त्याने दंड सोडवून घेतला, टेबलापाशी गेला आणि भाताच्या ताटाच्या कडेवर बोट ठेवलं. "हे माझ्या लेकराचं ताट आहे."

"भाऊ, हात काढा," तो माणूस म्हणाला. "पोरगी जेवतेय."

"दर्पण, जाऊ दे," जागृती म्हणाली.

"हात काढ म्हणतो ना!"

झालं. 'काढा'चं 'काढ' झालं आणि कैलासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दर्पणच्या तोंडावर गुद्दा मारला. नाकाचं हाड कटकन वाजलं. दर्पण खुर्चीसकट मागे कोसळला, कालवणाची वाटी त्याच्या छातीवर सांडली, आणि तो ओरडत उठला तेव्हा मघाचा सौम्य माणूस उरलाच नव्हता. त्याने स्टीलचा जग उचलून कैलासच्या भुवईवर हाणला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात गेलं तसा कैलास आंधळ्यासारखा हात फिरवायला लागला. हाताला येईल ते तो धरत होता. त्याने दर्पणचा शर्ट धरून त्याला टेबलावर आपटला. दर्पणने गुडघा घातला. दोघं एकमेकांना मिठी मारून पडले, लोळले, पुन्हा उठले. बाकीची माणसं ताटं उचलून भिंतीशी उभी राहिली. कुणीतरी मोबाइल काढला.

प्रेमलाकाकींचे यजमान बळवंतकाका मध्ये पडले. हाडकुळा म्हातारा, गळ्यात टॉवेल. "अरे पोरांनो, जेवणावर कोण भांडतं रे?" असं काहीतरी ते म्हणत होते. कैलासचा कोपर त्यांच्या कपाळावर बसला आणि ते ओट्याच्या पायरीवर धपकन बसले. तिथेच बसून राहिले, कपाळाला हात लावून.

"अहो, पुरे!" रूपालीने कैलासला मागून कवटाळलं. त्याने खांदा उडवला. त्याचं डोकं मागे आलं आणि तिचा ओठ दातावर चेपला. तोंडात खारट चव आली.

त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. गुलाबी फ्रॉकवाली मुलगी उचलून नेली होती, रिकाम्या खुर्चीवर पाट तेवढा राहिला होता. सागवानी, जड, पितळी फुल्यांचा पाट. कैलासने तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि दर्पणवर फेकला. दर्पण खाली वाकला. पाट त्याच्यावरून गेला, ओट्याच्या खांबावर आदळला आणि खाली पडला. पडला तो बरोबर तिथे, जिथे रूपालीने हर्षितला उभं केलं होतं.

तिथे हर्षित नव्हता. त्याची एक चप्पल होती, निळी. पाट त्या चपलेवर पडला होता.

"हर्षू!" रूपाली किंचाळली.

त्या एका किंकाळीने दोघांचेही हात थांबले. रूपालीने पाट उलटवला, टेबलाखाली पाहिलं, विहिरीकडे धावली, विहिरीवर जाळी आहे हे बघून परत फिरली. तिच्या तोंडून आता नाव निघत नव्हतं, नुसता आवाज निघत होता. कैलास जागचा हलला नाही. तो त्या चपलेकडे बघत होता.

"इथे आहे हो," घरातून जागृतीचा आवाज आला.

स्वयंपाकघरात चुलीपासून लांब, गोणपाटावर दोन्ही मुलं बसली होती. एका हाताने आपली मुलगी आणि दुसऱ्या हाताने हर्षितला ओढत जागृतीने पहिल्या गुद्द्यालाच आत आणलं होतं, आणि परत जाऊन ते ताटही आणलं होतं. भात कालवलेला होताच. ती एक घास मुलीला भरवत होती, एक हर्षितला. मुलीच्या गालाला वरण लागलं होतं. हर्षितच्याही.

रूपाली दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

मागून कैलास आला. अर्धा चेहरा रक्ताने माखलेला, शर्ट फाटलेला, श्वास लागलेला. त्याने हर्षितसमोर हात पसरले.

"ये बेटा. बाबा आला."

हर्षित रडला नाही. तोंडातला घास चावायचा थांबला तेवढा. त्याने बापाकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ताट धरलं आणि जमिनीवरून पुढे ढकलत ढकलत बापाच्या पायाशी नेलं.

"बाबा, मम," तो म्हणाला. "घे. मम घे."

आणि परत मागे सरकून जागृतीला चिकटून बसला.

खोलीवर परतताना कैलास वाटभर बोलत होता. दर्पणला पोलिसात खेचायला हवं होतं, काकीला दोन शब्द सुनवायला हवे होते, केळव्याला परत येणार नाही. भुवईवर डॉक्टरने टाके घातले होते, ती सुजून काळी पडली होती.

"लेकरासाठीच केलं ना मी?" त्याने विचारलं. "सांग ना. लेकरासाठीच ना?"

रूपालीने हर्षितच्या अनवाणी पायावरची वाळू झटकली.

सकाळी तो गोळ्या घेऊन घोरत होता. रूपालीने हर्षितचे कपडे आणि स्वतःचे दोन ड्रेस पिशवीत भरले, दार ओढून घेतलं आणि केळीच्या बागेकडे तोंड करून फोन लावला.

"काकी, दुपारचं जेवण सांगायचं होतं."

"कालचे तुमी?"

"हो. काका कसे आहेत?"

"टेंगूल आलंय. बसलेत खोबरेल लावून. मरत नाय ते." मग काकींचा आवाज खाली आला. "बाय, चूक माझीच झाली. या तुमी. पापलेट बाजूला ठेवते आज. सालवड, अडीच ना?"

"दीड," रूपाली म्हणाली.

"दीड?"

"एक माझं, अर्धं हर्षितचं. आणि जेवून झालं की तिथून सफाळ्याला रिक्षा मिळेल ना?"

"मिलेल की. बलवंत सांगून ठेवतील कोणाला." काकी घुटमळल्या. "मंग सालवड, दीड पान."

"सालवड नको काकी," रूपाली म्हणाली. बोलताना ओठ दुखत होता, म्हणून ती सावकाश बोलली. "रूपाली म्हणून लक्षात ठेवा."

प्रेमलाकाकींनी आजवर कुणाचं नाव लक्षात ठेवलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

"रूपाली," त्या म्हणाल्या. "दीड पान. ये, पोरी."