पदरचं घालायचं नाही

बाबा गेल्याला अठरा दिवस झाले आणि दुभाषी कामावर परतली, ती थेट हॉस्पिटलात.

बाबा कापडगिरणीत मेकॅनिक होते. यंत्रं परदेशातून यायची आणि सोबतची जाडजूड पुस्तकं तिकडच्याच भाषेत. बाकीचे चित्रं बघून वेळ मारून न्यायचे; बाबांनी जुना शब्दकोश पैदा केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती भाषा शिकून घेतली. शेजारी बसून मुलगीही शिकली. त्यामुळे त्या भाषेत तिला 'आई' आणि 'पाणी' यांच्या आधी 'बेअरिंग' आलं. पुढे त्याच भाषेने तिला नोकरी दिली, घर दिलं, चार देश दाखवले. "लेकीला भाषा शिकवलीस आणि लेक हातची घालवलीस," असं आत्या म्हणायची. बाबा हसायचे.

एकदा पुस्तकातलं एक वाक्य बाबांना अर्धंच लागलं. उरलेलं त्यांनी अंदाजाने सांगितलं आणि फिटरचं बोट गेलं. तेव्हापासून घरात एकच कायदा : कळलं नाही तर तसं सांग, पण पदरचं घालायचं नाही.

बाबा गेले तेव्हा ती दुसऱ्या गावी एका बैठकीत होती, कामाच्या शिस्तीप्रमाणे फोन बंद ठेवून. "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होता गं," असं आत्याने नंतर सांगितलं. वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाहून नेलेल्या कानाला भरीचं वाक्य लगेच कळतं. तरी तिने खोदून विचारलं नाही. विचारलं आणि भलतंच काही निघालं तर?

हॉस्पिटलातली परकी बाई साधारण तिच्याच वयाची होती. तिचे वडील यंत्र बसवायला इथे आले होते, कामावरच कोसळले. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटी त्यांच्याजवळ होत्या त्या सिस्टर समोर बसल्या होत्या. बाई बोलली. दुभाषी 'ह्या विचारतात' असं कधी म्हणत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की तिनेही 'मी'च म्हणायचं.

"मला यायला उशीर झाला," दुभाषी म्हणाली. "माझ्या वडिलांनी शेवटी मला हाक मारली का?"

सिस्टरनी बाईऐवजी तिच्याकडेच बघितलं. मग म्हणाल्या, "नाही हो. कुणाचंच नाव नाही घेतलं." आणि आवाज खाली आणून, "पण घेतलं म्हणून सांगून टाका ना. एवढ्या लांबून आलीय बिचारी. तुमचं काय जातंय?"

दुभाषीच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. आत्याचंच वाक्य, नुसतं भाषा बदललेलं.

"नाही," तिने बाईला सांगितलं. "त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही."

बाईने विचारलं, "मग काय करत होते?"

"मोजे काढत होते," सिस्टर म्हणाल्या. "पाय गार पडले म्हणून मी घालायची, की हे पायानेच ढकलून काढायचे. तीनदा! शेवटी मीच हात टेकले."

हे ऐकल्यावर बाई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "घरीसुद्धा हेच! आयुष्यभर आईने मोजे शोधले!" मोज्यांची गोष्ट तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

काम संपल्यावर दुभाषीने जिन्यातूनच आत्याला फोन लावला.

"आत्या, खरं सांग. बाबा शेवटी काय म्हणाले?"

"अगं, सांगितलं ना तुला…"

"पदरचं नको."

मग आत्या म्हणाली, "मेला तो पंखा खडखडत होता. त्याच्याकडे बघून म्हणाला, बेअरिंग गेलंय, आता तेल घालून उपयोग नाही. मग डोळे मिटले. हे काय सांगायचं पोरीला?"

दुभाषी पायरीवर बसली. सवयीने तिने ते वाक्य मनातल्या मनात त्या दुसऱ्या भाषेत करून पाहिलं. एकही शब्द अडला नाही.