आर्लिंडाच्या बाळाचं पहिलं हसू

"मामा, तू फक्त फोटो काढ. बाळापुढे तोंड वेडंवाकडं करू नकोस," आर्लिंडानं घळीच्या तोंडाशीच मला बजावलं.

भाची माझी, तान्हं पोर घेऊन फिनिक्सहून आलेली. आम्हा नावाहो आदिवासी लोकांत बाळाला पहिल्यांदा जो हसवतो, त्यानं बाळाच्या नावानं सगळ्यांना जेवू घालायचं. आणि बाळ स्वभावानं त्याच्यावरच जातं. म्हणून तिनं माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे तिच्या रमोना मावशीला, मुद्दाम सोबत आणलं होतं. रमोना हसरी, बोलकी, तिचं दार कायम उघडं. मी घळीत पाहुणे हिंडवतो, त्यांचे फोटो काढतो आणि त्यांच्यावर खेकसतो. बायको गेल्यापासून माझ्या घरी एका माणसापुरतंच शिजतं. माझ्यावर गेलेलं पोर कोणाला हवंय? मलाही नको होतं.

घळ इतकी अरुंद की दोन्ही खांदे भिंतींना घासतात. दुपारी वरच्या फटीतून उन्हाचा एक झोत खाली उतरतो आणि झाडून सगळे त्यातच जाऊन उभे राहतात. मग फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग.

"अगं, उन्हात नको!" मी ओरडलो. "बाजूला हो. भिंतीवरून तांबूस उजेड येतोय ना, तो तोंडावर घे."

"दादा, तान्ह्या पोराची तरी लाज धर!" म्हणत रमोना बाळापुढे टाळ्या वाजवू लागली. आर्लिंडानं हातात धरलेल्या, आमच्याकडच्या पाळण्याच्या फळीला बांधलेलं बाळ तिच्याकडे ढिम्म बघत राहिलं.

झोत फोटोत उठून दिसावा म्हणून आम्ही त्यात वाळू उडवतो. एका हातात कॅमेरा धरून मी मूठभर उडवली. रोजचंच काम, पण त्या टाळ्यांनी माझं डोकं उठलं होतं. वाळू सरळ वर गेली आणि सरळ माझ्या नाकात आली. मी असा शिंकलो की टोपी उडाली आणि बोट बटणावर दाबलं गेलं.

बाळ खदखदून हसलं.

"झालं! आता हे जन्मभर लोकांवर गुरगुरणार," रमोना म्हणाली. मग तिला आर्लिंडाचे भरलेले डोळे दिसले. "अगं, मीच हसवलं म्हणू या. कोणाला कळतंय?"

"हो, तूच हसवलंस," मी घाईनं म्हणालो. मला फार वाईट वाटत होतं.

आर्लिंडानं कॅमेरा मागून घेतला. फोटो पार बिघडला होता. झोत जळून पांढरा, तिचं स्वतःचं तोंड अंधारात, रमोनाचे नुसते हात. तांबूस उजेडात एकटं बाळ, बोळकं उघडलेलं आणि डोळे थेट माझ्यावर. तिनं फोटोतल्या त्या बोळक्यावरून अंगठा फिरवला.

"पहिल्याच हसण्याला खोटं कसं बोलायचं?" तिनं नाक पुसलं. "मामा, मटण तूच शिजवायचं. तुझ्याच घरी."

शनिवारी घरात माणसं मावेनात. बाळाच्या मुठीत मीठ आणि माझ्या हातात ती मूठ. रीतीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर आम्ही दोघं मीठ ठेवत होतो.

"पाय झटका रे! सगळी वाळू घरात आणताय!" मी खेकसलो.

बाळ पुन्हा खदखदलं. सगळं घर हसलं.

"मामा," आर्लिंडा म्हणाली, "अजून एकदा ओरड ना."

मी दाराकडे वळून ओरडलो, "आत या रे सगळे, मटण निवतंय!"