बंदूक विचारणारा

"गाडीत बंदूक आहे का?" नूरुद्दीनने खिडकीशी वाकून विचारलं.

गाडीतल्या माणसाने असं पाहिलं, जणू याने त्याच्या बायकोचं नावच विचारलं.

"आहे. मग?"

"इथे ठेवून जायची. परत जाताना मिळेल."

"आणि आत लांडगा आला तर? बायकामुलं आहेत बरोबर. तू येणार का लांडग्याशी कुस्ती खेळायला?"

"लांडगा तंबूजवळ येत नाही, साहेब. आणि नियम आहे."

"माझ्या बापाने बंदूक खांद्याला लावून या रानात जन्म काढला. आता एक हिंदी मला नियम शिकवणार!"

शिव्या देत का होईना, त्याने बंदूक दिली. नूरुद्दीनने ती लोखंडी कपाटात ठेवली, त्याच्या हातावर पितळी बिल्ला ठेवला आणि फाटकाचा दांडा वर केला. दिवसभर हेच. हंगाम होता ना! सौदीतल्या हफ्र अल बातिन शहराच्या पुढे दोन तासांवर सरकारने हे रान कुंपण घालून राखलं होतं, आत हरणं सोडली होती. थंडीतला पाऊस पडून गेला, वाळूवर हिरवं फुटलं, की शहरातली माणसं तंबू घेऊन धावत सुटायची. येताना बंदुका आणायचीच. त्या आत न्याव्यात की नाही यावर फाटकावर रोज वाद, आणि वाद घालायला नूरुद्दीन एकटा.

वास्तविक हे काम मुतलकचं. तो तिथला सौदी रक्षक. गणवेश त्याचा, पगार सरकारचा. पण गाडी दिसली की हा गडी खोलीत जाऊन बसायचा. एकदा नूरुद्दीनने विचारलंच, तेव्हा म्हणाला, "दारात आलेल्याकडे हत्यार मागायचं? आमच्यात याच्याहून मोठा अपमान नाही. मी मागितली तर उद्या त्याचे भाऊ माझ्या घरी येतील. तू मागितलीस तर कुणाला काही वाटत नाही." का वाटत नाही, हे नूरुद्दीनने विचारलं नाही. न कळायला तो काय दूधखुळा होता?

त्याला स्वतःला नियम पटत होता, ही खरी गंमत. खेड तालुक्यातल्या त्याच्या गावात बापाकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी. पण डुकरासाठी निघालेला बाप भेकर घेऊन घरी यायचा. हातात बंदूक असली की डोळे आपोआप जनावर शोधायला लागतात, एवढं नूरुद्दीनला पक्कं माहीत होतं.

त्या गुरुवारी पाण्याचा टँकर घेऊन विनोद आला. हा संगमेश्वरचा. महिन्यातून चारदा भेटायचा, आणि तेवढ्यात दोघं पोटभर मराठी बोलून घ्यायचे.

"काय चाचा, तयारी झाली? शनिवारचं इमान ना?"

"कसली तयारी मेल्या! पासपोर्ट अजून कफीलाकडं. आज घेऊन येतो बोललाय. पुढच्या शुक्रवारी फरहानाचा निकाह, आणि बाप हितं दांडा वर-खाली करतोय."

"देईल हो. नाय देऊन सांगतो कोणाला?"

"ज्याला नाय मिळाला त्याला इचार," नूरुद्दीन म्हणाला. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता तो मालक, सुट्टीवर होता आणि पासपोर्ट तिजोरीत. दफनाला त्याला जाता आलंच नव्हतं.

विनोद गेला आणि दुपारी कफीलाची पांढरी गाडी आली. अबू राकान. या फाटकावर माणसं पुरवायचा ठेका त्याचाच. बरोबर तीन पाहुणे, हसत-खिदळत. मागच्या सीटवर घोंगडी टाकलेली आणि घोंगडीखालून लाकडी दस्ता चक्क बाहेर डोकावत होता.

मुतलक खोलीत गेला.

नूरुद्दीन खिडकीशी वाकला. तोंड उघडणार, तेवढ्यात अबू राकानने खिशातून पासपोर्ट काढून पुढे केला. "घे! जाऊन परत यायचा शिक्का मारून आणलाय. मुलीला माझ्याकडून मुबारक सांग."

नूरुद्दीनने पासपोर्ट धरला. पण अबू राकानने लगेच सोडला नाही. दोघांच्या बोटांत ते छोटं पुस्तक तसंच राहिलं. पाहुणे बघत होते. रोज पन्नासदा विचारलेला प्रश्न नूरुद्दीनने विचारला नाही. त्याने मान खाली घातली. पासपोर्ट सुटला. त्याने दांडा वर केला आणि सलाम ठोकला.

गाडी गेली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. मग स्वतःचीच लाज वाटली. मग वाटलं, मरू दे, आपण काय हरणांचे मामा लागतो?

उन्हं कलायच्या आत दोन बार ऐकू आले.

एरवी दाबून टाकलं असतं. पण पलीकडच्या तंबूतल्या कुटुंबाने सगळं पाहिलं होतं. गाभण हरणी होती. पोरं रडायला लागली, म्हणून त्या कुटुंबातल्या बापाने थेट मोठ्या कचेरीत फोन लावला. संध्याकाळच्या आत मुदीर, म्हणजे तिथला मोठा साहेब, फाटकावर हजर.

अबू राकान जराही गडबडला नाही. "आम्हाला काय ठाऊक नियम? याने विचारलंच नाही. विचारलं असतं तर आम्ही दिली नसती का?"

मुदीर नूरुद्दीनकडे वळला. "विचारलंस?"

काय सांगणार? विचारलं म्हणावं तर कफील खोटा पडतो, आणि मग परतीचा रस्ता कायमचा बंद. आणि खरं सांगायचं, तर त्याने विचारलं नव्हतंच. अशी कोंडी, की खरं बोललं तरी तोच अडकत होता. त्याने मुतलककडे पाहिलं.

"मी मागे जनरेटर बघत होतो," मुतलक म्हणाला. जनरेटर अंधार पडल्यावर लावायचे. भर दुपारी त्यात बघण्यासारखं काय असतं, हे मुदीरने विचारलं नाही.

"नाही विचारलं," नूरुद्दीन म्हणाला.

"मग चौकशी होईपर्यंत देश सोडायचा नाही. काम चालू ठेव."

शनिवारचं विमान नूरुद्दीनला न घेता गेलं. आता त्याच्या खिशात पासपोर्ट होता, पासपोर्टवर शिक्का होता, आणि त्या दोन्हींचा काडीचाही उपयोग नव्हता. मुतलक त्या दिवसापासून त्याच्यासाठी रोज खजूर आणून ठेवू लागला. नूरुद्दीनने एकालाही हात लावला नाही. शेवटी एकदा तोंडावर म्हणाला, "खजूर नको. त्या दिवशी नुसता बाहेर येऊन उभा राहिला असतास, तरी पुरलं असतं."

शुक्रवारी विनोद मुद्दाम टँकर घेऊन आला. रेंज मिळायची फक्त फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की. नूरुद्दीनने अंघोळ केली, पेटीतला नवा पांढरा सदरा काढून घातला, अत्तर लावलं आणि शिडी चढला.

फोनवर गावचा गलका ऐकू येत होता. काझीसाहेबांनी विचारलं, तेव्हा नूरुद्दीनने धाकट्या भावाला मुलीचा वकील, म्हणजे निकाहात तिच्या वतीने बोलणारा, नेमलं. भाऊ दोन साक्षीदार घेऊन मुलीचा होकार विचारायला आत गेला. मग बराच वेळ काही ऐकू येईना.

"काय झालं रे?"

"भाईजान, पोरगी तोंड उघडत नाय. बोलते, अब्बांशी बोलल्याबिगर हो बोलणार नाय."

मग तिचाच आवाज आला. "अब्बा, तुम्ही बोललेलात येतो म्हणून."

"बोललो होतो बेटा."

"मग?"

खाली फाटकाशी एक गाडी येऊन थांबली होती. हॉर्न वाजला. विनोद हात जोडून गाडीवाल्याला थांबायला सांगत होता. मुतलक खोलीच्या दारात आला, गाडीत कोण आहे ते पाहिलं आणि आत गेला.

"फरहाना, सगळी खोळंबलीत. हो बोल."

"तुम्ही रडताव?"

"नाय गं. वारा हाय. हो बोल, बेटा."

तिने हो म्हटलं की नाही, ते हॉर्नमध्ये कळलं नाही. पण पलीकडे बायकांचा एकदम गलका उठला, त्यावरून त्याने ओळखलं. खाली उतरून त्याने फोन विनोदच्या हातात दिला आणि तो खिडकीशी वाकला.

गाडीवाल्याला अत्तराचा वास आला असावा. त्याने नूरुद्दीनला आपादमस्तक न्याहाळलं आणि हसून विचारलं, "काय रे, आज ईद आहे की काय?"

"नाही साहेब," नूरुद्दीन म्हणाला. "गाडीत बंदूक आहे का?"