शुक्रवारची बादली

वेंडेल प्रूइटला त्या दिवशी सकाळपासून जो भेटत होता तो एकच प्रश्न विचारत होता, "मग, पुढे काय?" आणि वेंडेल प्रत्येकाला एकच उत्तर देत होता, "जानेवारीत आहे एक. बघू." जानेवारीत काही नव्हतं. फेब्रुवारीतही नव्हतं. पण हॉलिवूडला लागून असलेल्या बरबँकच्या स्टुडिओत "माझ्याकडे काही नाही" असं म्हणणाऱ्याला कुणी काम देत नाही. जो आधीच कामात बुडालेला दिसतो त्यालाच फोन येतात, असा इथला उफराटा न्याय. त्यामुळे गेलं वर्षभर सगळेच्या सगळे कामात बुडालेले होते आणि काम कुणाकडेच नव्हतं.

वेंडेल म्हणजे ग्रिपच्या टोळीचा मुकादम. दिव्यांपुढे पडदे ताणायचे, कॅमेऱ्यासाठी रूळ अंथरायचे, नटाला छतावरून लोंबकळायचं असेल तर तो खाली पडणार नाही अशी तजवीज करायची, हे या टोळीचं काम. पंचवीसेक वर्षं त्याने हेच केलं आणि बरं चाललं होतं. मग लेखकांचा आणि नटांचा संप झाला. संप मिटला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आता सगळं पहिल्यासारखं होणार म्हणून. काम काही परत आलं नाही. ते म्हणे दुसऱ्या देशांत गेलं, तिथे स्वस्त पडतं. इथे बाकी काहीच स्वस्त झालं नाही. नॉर्थ हॉलिवूडच्या त्याच्या दोन खोल्यांचं भाडं तेवढ्या काळात दोनदा वाढलं, आणि दुसऱ्या खेपेला मालकाने पत्रात "आपल्याला कळवण्यास आनंद होतो" असंही लिहिलं. कसला आनंद, देव जाणे.

हे काम तीन आठवड्यांचंच होतं. एका गडगंज कुटुंबाच्या भांडणांची मालिका. सेटवर त्यांचं जे स्वयंपाकघर उभं केलं होतं त्यात वेंडेलचं अख्खं घर मावलं असतं, आणि वर एक पाहुणा ठेवता आला असता. पहिल्या दोन आठवड्यांचा पगार मागच्या थकबाकीत आणि गाडीच्या हप्त्यात गेला. शेवटच्या आठवड्याचा यायचा पुढच्या गुरुवारी, आणि भाड्याला अकराशे डॉलर कमी पडत होते आज.

आज म्हणजे आजच. सकाळी तो निघाला तेव्हा इमारतीची देखरेख करणाऱ्या अवाक्यानबाई जिन्यातच उभ्या होत्या.

"मिस्टर प्रूइट, मी तुमच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या. "पण मालक माझ्या बाजूने नाही."

"गुरुवारी पगार होतोय."

"गेल्या महिन्यातही गुरुवारच होता. आज रात्री आठपर्यंत आणा. उद्या सकाळी मालकाचा माणूस घर खाली करायची नोटीस चिकटवायला येतो. एकदा कागद दाराला लागला की तो वकिलाचा, मग माझ्या हातात काही राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं काय झालं, पाहिलंत ना?"

त्याने पाहिलं होतं. त्या पोरीचा सोफा दोन दिवस फुटपाथवर पडून होता.

नोरीन, त्याची बायको, शाळेच्या खानावळीत अर्धा दिवस जाते. तिने रात्रीच सांगून टाकलं होतं, "बहिणीकडे मी पुन्हा तोंड उघडणार नाही. माझी बहीण आहे ती, बँक नाही. तू तुझ्या दोस्तांकडे माग."

"मुकादम मागत नाही."

"मग मुकादम झोपणार कुठे?"

तो चिडला आणि भांडी घासत बसला. भांडी फार नव्हती. त्याने तीच दोनदा घासली.

तर आता शुक्रवारची बादली. शूटिंगवर दर शुक्रवारी चहा-खाण्याच्या टेबलावर एक बादली फिरते. प्रत्येकाने पाच डॉलरच्या नोटेवर मार्करने आपलं नाव लिहून त्यात टाकायची. काम संपायच्या वेळेला एक नोट उचलतात, आणि जिच्यावर ज्याचं नाव असेल तो अख्खी बादली घरी नेतो. कामाच्या शेवटच्या शुक्रवारी नोट वीसची असते, आणि या सेटवर माणसं सत्तरेक. म्हणजे बादलीत चौदाशेच्या आगेमागे जमणार. हा हिशेब वेंडेलने सकाळी गाडीतच केला होता. सेटवर त्या दिवशी हा हिशेब न केलेला एकही माणूस नसेल.

पण एक गोष्ट कुठे लिहिलेली नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असते. बादली हाताखालच्यांची. नट, दिग्दर्शक, कुठल्याही खात्याचा मुकादम, यांनी नोट टाकायची ती निव्वळ मान म्हणून. चुकून नाव निघालंच तर हात वर करून "पुन्हा!" असं ओरडायचं, टाळ्या घ्यायच्या आणि दुसरी नोट उचलू द्यायची. हा नियम टोळीतल्या पोरांना शिकवणाऱ्यांत वेंडेल सगळ्यात पुढे. कॅमेऱ्याच्या एका मुकादमाने काही वर्षांपूर्वी बादली खिशात घातली होती. त्याची टवाळी करायची एकही संधी वेंडेलने कधी सोडली नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो सामानाच्या ट्रकमागे गेला आणि त्याने चार नोटांवर आपलं नाव लिहिलं. पेट्रोलचे आणि आठवड्याच्या किराण्याचे पैसे होते ते. ट्रुडी, चहा-खाण्याची बाई, बादली धरून उभी होती. तिने चारही नोटा पडताना पाहिल्या, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सूप घेतोस? गरम आहे." त्याने सूप घेतलं. एवढा राग त्याला स्वतःचा बऱ्याच दिवसांत आला नव्हता. आणि तो नुसता स्वतःचाच होता असंही नाही. मालकाचा होता, गुरुवारचा होता, त्या खोट्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या संगमरवराचा होता.

"बॉस, जानेवारीचं पक्कं आहे ना?" बेतोने ताट घेऊन शेजारी बसत विचारलं. बेतो त्याचा उजवा हात. नऊ वर्षं बरोबर होता. मागच्या महिन्यात त्याला एका गोदामात कायमची नोकरी मिळत होती, विम्यासकट. वेंडेलनेच त्याला थांबवलं होतं. टोळी फुटली तर मुकादमाला कोण विचारतो?

"सांगितलं ना तुला."

"नाही, बायको विचारत होती."

"बायकोला सांग, बॉसने सांगितलंय."

बेतो हसला आणि जेवायला लागला.

संध्याकाळी शेवटचा शॉट झाला. दिग्दर्शकाने आभाराचं भाषण केलं, त्यात "कुटुंब" हा शब्द पाचसहा वेळा आला. मग ट्रुडी पेटाऱ्यावर चढली. तिने एका नटीला डोळे मिटून बादलीत हात घालायला लावला, नोट उलगडली आणि नाव वाचलं.

"वेंडेल."

आणि वेंडेलचा हात वर गेला. त्याने तो वर केला नाही, गेला. तोंडातून "पुन्हा!" निघालंसुद्धा. पंचवीस वर्षांची सवय, तिला भाडं-बिडं काही कळत नाही. टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली, बेतोने पाठीवर थाप दिली. वेंडेल हसत उभा होता. आपण काय करून बसलो हे त्याला टाळ्या थांबल्यावर नीट कळलं. अकराशे डॉलर, नोरीन, दारावरचा कागद, सगळं त्याने एका शब्दात उडवून टाकलं होतं, कशासाठी, तर सत्तर माणसांनी चांगलं म्हणावं म्हणून. आणि त्यातली निम्मी उद्या त्याचं नावही विसरणार होती.

नटीने पुन्हा हात घातला. ट्रुडीने नोट उलगडली. या खेपेला तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"वेंडेल," ती म्हणाली.

आधी सगळे हसले. मग मागून कुणीतरी विचारलं, "बॉस, टाकल्या तरी किती?" आणि हसू हळूहळू विरत गेलं. मान म्हणून एक नोट टाकतात. दोन नोटा मान म्हणून कुणी टाकत नाही.

सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. तो हात पुन्हा वर जायला निघालेला त्यालाही जाणवला, म्हणून त्याने तो खिशात घातला. मग तो माणसांमधून वाट काढत पुढे गेला. वाट काढावी लागली नाही खरं तर, लोकच बाजूला होत गेले.

"मला भाडं द्यायचंय," तो म्हणाला. मोठ्याने म्हणायचं नव्हतं, पण सेटवर एवढी शांतता होती की मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. ट्रुडीने बादली त्याच्या हातात दिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. शिव्याही कुणी दिल्या नाहीत. निर्मात्याचा एक माणूस फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागला.

गाडीपाशी बेतो येऊन उभा राहिला. वेंडेलनेच सुरुवात केली.

"बोल ना. शेण खाल्लं म्हण."

"पैशाचं काही नाही, बॉस. घ्या. मीपण घेतले असते."

"मग तोंड का पाडलंयस?"

"जानेवारीचं काम असतं तर तुम्ही बादली घेतली असती?"

वेंडेलने गाडीचं दार उघडलं, बादली सीटवर ठेवली आणि दार लावलं. मग ते पुन्हा उघडलं.

"आहे का काम?" बेतोने विचारलं. "हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"एकाने फोन करतो म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये."

"ऑगस्टमध्ये." बेतोने मान हलवली. "मी ते गोदाम सोडलं, बॉस. मंगळवारी त्यांनी दुसरा माणूस घेतला. तिथल्या बाईने मला तीनदा फोन केला होता. मी तिला काय सांगितलं, माहितीये? म्हटलं, माझा बॉस आहे, त्याने शब्द दिलाय."

"मला वाटलं, येईल काहीतरी."

"तुम्हाला वाटायला माझं काय जातंय. पण मला सांगायचं होतंत की नुसतं वाटतंय. मी माझं मी बघितलं असतं."

वेंडेलने सीटवरच्या बादलीकडे हात नेला तेव्हा बेतो म्हणाला, "ते नको. ते काढायला जाऊ नका आता. अर्ध्यात तुमचं भागणार नाही आणि अर्ध्यात माझंही भागणार नाही. जा घरी, आठ वाजतील." आणि तो आपल्या गाडीकडे निघून गेला. त्याने दार आपटलं असतं तर वेंडेलला बरं वाटलं असतं.

साडेसातला अवाक्यानबाईंनी खाली आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून नोटा मोजल्या. वीस वीसच्या नोटा, प्रत्येकीवर कुणाचं ना कुणाचं नाव. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "कामावरचे लोक," तो म्हणाला. "चांगले लोक आहेत," असं म्हणून बाईंनी पावती फाडली आणि सांगितलं की पुढचं एक तारखेलाच लागेल, मालक आता ऐकणार नाही. एक तारखेला दोनच आठवडे होते.

वर आल्यावर नोरीनने पावती दोनदा वाचली आणि फ्रीजवर लावली. टोमणा न मारता तिने त्याला खायला वाढलं. भाजलेल्या पावावर वितळलेलं चीज आणि डब्यातलं टोमॅटोचं सूप. तो खात नाही असं पाहून ती म्हणाली, "आता काय? घर राहिलं ना?"

"राहिलं."

"मग?"

"मला तीन फोन करायचेत."

टोळीत बेतो सोडून तिघे होते. तिघांनाही त्याने जानेवारीचं सांगितलेलं होतं. पहिल्याने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने मनसोक्त शिव्या दिल्या, अगदी त्याच्या आईपर्यंत गेला, आणि वेंडेलने त्या मुकाट ऐकल्या. तो बोलायचा थांबला तेव्हा वेंडेलला वाटलं, टोळी गेली. आता उद्या खरंच कुणी काम घेऊन आलं तरी आपण कुणाला बोलावणार होतो?

तिसरा डुएन, वेंडेलपेक्षाही वयाने मोठा, गुडघ्याने अधू. त्याला सगळं सांगून झाल्यावर वेंडेल म्हणाला, "माझ्या भरवशावर थांबू नकोस, डुएन. मिळेल ते धर. माझ्याकडे काही नाही."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो डुएनने बंद केला.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "मीही सगळ्यांना सांगत फिरतोय की जानेवारीत बॉसकडे आहे. घरमालकालासुद्धा तेच सांगितलंय." मग त्याने विचारलं, "आणि तू? तू काय करणार?"

वेंडेलने फ्रीजवरच्या पावतीकडे पाहिलं.

"एक तारखेपर्यंत तरी इथेच आहे," तो म्हणाला.