वरची हद्द

मी हर्षा. सदर भागातल्या आमच्या ऑफिसात मले पाठीमागं खडूस म्हणतात, अन् खोटं नाही म्हणत. पंधरा वर्षं झाली, कर्नलवर काम करून राहिली. कर्नल म्हणजे यंत्राच्या बुडाशी बसलेला तो प्रोग्राम, ज्याच्यावर बाकी सगळं चालते. आमचं यंत्र कन्हानकडच्या एका खाणीत गॅस मोजते. खाली माणसं असतात, म्हणून चुकीले माझ्याजवळ माफी नाही.

अन् मार्चमध्ये ते यंत्र मधातच बंद पडू लागलं.

नव्या प्रोसेसरमध्ये मेमरीची राखण हार्डवेअरच करते. प्रत्येक प्रोग्रामले मेमरीतल्या मोजक्या खणांची जागा नेमून द्यायची, खालची अन् वरची हद्द लिहून ठेवायची. कोणी हद्दीबाहेर पाय टाकला, की प्रोसेसर काम तिथंच थांबवते. त्या हद्दी लिहायचं काम माझं. कोण ओलांडते ते पकडायले मी कर्नलमध्ये नोंद ठेवणारा ट्रेस टाकला. तीन दिवसांत चाळीस नोंदी आल्या, चाळीसच्या चाळीस प्रणालीच्या प्रोग्रामच्या.

प्रणाली उमरेडची, विणकराच्या घरची, सहा महिन्यांपासून आमच्याकडं. तिले पक्कं करायचं का घरी पाठवायचं, ते शुक्रवारी ठरणार होतं. सोमवारी मी तिले सगळ्यांसमोर विचारलं, चौसष्ट खणांच्या जागेत किती लिहितं वं तू? चौसष्टच, म्हणाली. मग मशीन खोटं बोलते का, असं मी म्हणलं तर ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे चुकली, हे माझं गणित. बुधवारी मॅनेजर ऋषिकेशले मेल टाकून मोकळी झाली, पोरीले मोजता येत नाही, ठेवू नका.

गुरुवारी रिपोर्ट लिहायले बसली. त्यात हद्दीचे आकडे द्या लागतात, अन् माझ्या ट्रेसमध्ये तेच नव्हते. ओलांडणाऱ्याचं नाव मी छापत होती, हद्द कुठं आहे ते नाही. काहून छापीन? हद्द तर मी लिहिलेली. चिडचिड करतच दोन आकडे जोडले अन् पुन्हा चालवलं. आमचे खण शून्यापासून मोजतात, म्हणून शेवटच्या खणाचा नंबर त्रेसष्ट. प्रणाली त्रेसष्टवरच लिहून राहिली होती. वरची हद्द होती बासष्ट.

शून्यापासून मोजायचं म्हणून मी एक वजा केला होता, अन् दोन ओळी खाली पुन्हा एक. वर्षभर कोणी आपली जागा काठोकाठ भरलीच नाही, म्हणून निभावलं; मार्चमध्ये प्रणालीच्या प्रोग्रामनं पहिल्यांदा भरली. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते असं. मले लाज वाटली बापा, लय वाटली.

तिले बोलावलं नाही, मीच तिच्या टेबलापाशी गेली. आकडे दाखवले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. तिले नवल वाटलं नाही.

"मॅडम, मले सोमवारीच दिसलं होतं. मी तुमचा कोड उघडून पाहिला होता."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमचा होता ना. मले वाटलं, मलेच वाचता येत नसन."

मी परत येऊन कोड उघडला. हद्द सुधारायले एक ओळ लागली. ऋषिकेशले दुसरा मेल लिहायले तासभर गेला. मोजता मले आलं नाही, पोरगी बरोबर होती, असं लिहिलं अन् सगळ्या टीमले पाठवलं.

शुक्रवारी तिले पक्कं केलं. सोमवारी तिचा अर्ज आला, दुसऱ्या टीममध्ये टाका म्हणून. कारणाच्या रकान्यात तिनं काहीच लिहिलं नव्हतं. मी सही केली.