हंड्याखालची भूमिती

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी हंडा आहे. तीन पाय, मोठं पोट. अलाबामातल्या गुलामगिरीच्या काळात झिल्फा मावशीची आई माझ्यात मालकाचे कपडे उकळायची. तिची माणसं चोरून प्रार्थनेला जमली की मला दाराशी उपडा घालत. हंडा आवाज गिळतो, असा त्यांचा समज. खरं सांगू? मी काही गिळत नव्हतो. पण कुणी पकडलं गेलं नाही, म्हणून श्रेय मलाच.

पुढे काळ्या मुलींसाठी उद्योगशाळा निघाली. मावशी तिथे धुणं शिकवायला गेली, मला घेऊन. शाळेला परवानगी होती ती फक्त धुणं, शिवण आणि स्वयंपाकाची. टॉलिव्हर बाई मात्र धुणीघरात गुपचूप भूमिती शिकवत. पुस्तक एकच. ओडेसाला शिक्षिकेच्या परीक्षेला बसायचं होतं, त्यामुळे ते बहुतेक तिच्याच हातात असायचं.

एका सोमवारी गोरे तपासनीस न कळवता आले. मुलींची धांदल उडाली. त्यांनी पुस्तक जमिनीवर टाकलं आणि आज्यांच्या सवयीने वर मला उपडा घातला. सोमवार धुण्याचा वार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"काय गं म्हातारे, आज कपड्यांना सुट्टी?" साहेबांनी विचारलं.

"गंज चढलाय साहेब," मावशी म्हणाली. "कपड्यांवर डाग पडतात. चरबी लावून उपडाच भाजावा लागतो."

"मग भाज की. बघू तरी."

साहेब स्टूल ओढून बसले. पुस्तक सापडलं असतं तर शाळेला कुलूप लागलं असतं. बाईंनी ओडेसाकडे पाहिलं.

"मावशी, काडी दे इकडे," ओडेसा म्हणाली आणि तिनेच माझ्याभोवती जाळ केला.

"वास कसला गं?"

"जुनी चरबी साहेब."

साहेब खूश होऊन गेले. मला उचललं तेव्हा खाली राख होती. ओडेसाने मला लाथ घातली आणि हमसून रडली.

"डोळे पूस," बाई म्हणाल्या. "पहिलं प्रमेय सांग."

"पुस्तक कुठंय बाई?"

"तुला ते लागतंय अजून?"

तिने सांगितलं. अडली तिथे दुसरीने पुढचं जोडलं. अशीच ती परीक्षा पास झाली, आणि पुढे त्याच शाळेत तिने फळ्यावर, उघड उघड भूमिती शिकवली.

"यात आता कुणाच्या चड्ड्या उकळायच्या नाहीत," असं म्हणून मावशीने मला त्या सोमवारीच कोपऱ्यात ठेवलं होतं. कोपऱ्यातच माझी वर्षं गेली. आता शाळेचं संग्रहालय होणार आहे आणि मला घासायला माणसं आली आहेत.

मित्रांनो, बाहेरून खुशाल पुसा. चरबी लावा, गंज धरू देऊ नका. आतली काजळी मात्र खरवडू नका. ते पुस्तक आता एवढंच उरलं आहे.